चादरी धुण्यात देवाचं काम कुठलं?

प्रश्न: मावशी, मी वडोदऱ्यात दांडिया बाजारला राहते. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. चर्चमधली रविवारची उपासनाही चुकते. रोज चादरी धुवायच्या, मऊ भात भरवायचा. सकाळी उठावंसंच वाटत नाही. यात देवाचं काम कुठलं?

उत्तर: हेच, बाळ! बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्रात (3:23) प्रेषित पौल सांगतो, जे करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. हे त्याने दासांना लिहिलं. ज्यांना काम निवडताच येत नव्हतं, त्यांना! माझ्या आईचंही मी सगळं अंथरुणातच केलं. उत्साह आधी येत नाही, वाटी हातात घेतल्यावर येतो. कधी तेव्हाही नाही. तरी सेवा खोटी ठरत नाही. मात्र एकटीने ओढू नकोस. चर्चच्या पाळकांना सांग, प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली पवित्र भाकर नि द्राक्षारस, घरी आणून देतील. आणि रविवारी सकाळी नणंदेला बोलावच.