वाचकांचे प्रश्न : व्हिएन्नात ‘आपला’ वाइन बार कसा सापडेल?

प्रश्न : आम्ही निफाड तालुक्यातील द्राक्ष बागायतदार आहोत. मुलगा नोकरीनिमित्त व्हिएन्नात असतो. ऑगस्टअखेरीस आम्ही उभयता तीन आठवडे त्याच्याकडे राहणार आहोत आणि ऑक्टोबर छाटणीपूर्वी परतणार आहोत. आम्हा दोघांनाही वाइन माफक प्रमाणात आवडते. मागच्या परदेश प्रवासात ‘सर्वोत्तम दहा’ अशा यादीतील एका वाइन बारमध्ये गेलो होतो, पण उंच स्टुले आणि कर्कश संगीत यांमुळे अर्ध्या तासात उठलो. निवांत बसता येईल आणि पुन्हा जावेसे वाटेल, असे ठिकाण कसे शोधावे? माझे यजमान शाकाहारी आहेत.
— एक वाचक, निफाड

उत्तर : तुम्ही ज्या शहरात निघाला आहात ते या बाबतीत फार वेगळे आहे. व्हिएन्ना ही ऑस्ट्रियाची राजधानी असूनही तिच्या हद्दीतच सुमारे ६०० हेक्टर द्राक्षबागा आहेत, आणि त्या शोभेच्या नसून त्यांवर बागायतदारांचे संसार चालतात. म्हणून माझा पहिला आग्रह असा, की शहराच्या मध्यभागातील वाइन बारच्या याद्या बाजूला ठेवा आणि ट्राममध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जा. तिथे ‘हॉयरिगर’ नावाची ठिकाणे आहेत. बागायतदार आपल्याच बागेतील वाइन आपल्याच अंगणात बसवून पाजतो, असे त्यांचे मूळ स्वरूप आहे. ‘हॉयरिग’ म्हणजे यंदाचे. नवी वाइन पुढच्या वर्षीच्या ११ नोव्हेंबरपर्यंत याच नावाने ओळखली जाते, आणि जागेलाही तेच नाव पडले आहे.

या प्रथेला कायद्याचा भक्कम आधार आहे. सम्राट दुसरा जोसेफ याने १७ ऑगस्ट १७८४ रोजी आज्ञापत्र काढून, स्वतः पिकवलेली वाइन आणि खाद्यपदार्थ विकण्याची मुभा प्रत्येकाला दिली. आजही जी अस्सल जागा आहे, तिला ‘बुशनशांक’ म्हणतात, तिथे फक्त घरची वाइन आणि थंड पदार्थ मिळतात, आणि ती वर्षभर उघडी नसते. कुणी महिन्यातील दोन आठवडे उघडतो, कुणी फक्त शनिवार-रविवार. उघडी असेल तेव्हा दारावर काठीला पाइनच्या डहाळ्यांची जुडी टांगलेली दिसते. जुडी नसेल तर दार बंद आहे असे समजावे. मी पहिल्यांदा श्टामर्सडोर्फ या व्हिएन्नाच्या टोकाच्या उपनगरात गेलो तेव्हा नावे लिहून घेऊन गेलो होतो आणि त्यातील दोन्ही दारे बंद निघाली. तिसऱ्या, यादीत नसलेल्या दारावर जुडी दिसली म्हणून आत शिरलो. अक्रोडाच्या झाडाखाली लांब बाकडी होती, आणि पेला ठेवणाऱ्या बाईंच्या बोटांच्या पेरांवर द्राक्षाच्या रसाचे काळपट डाग होते. चार दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी मला न विचारता आदल्या वेळचीच वाइन आणून ठेवली. मला आवडते ठिकाण सापडले ते या दुसऱ्या खेपेला. म्हणून तुमच्या तीन आठवड्यांत सहा जागा पाहण्यापेक्षा दोनच जागांना तीन-तीन वेळा जावे, असे मी मनापासून सुचवेन.

कोणत्या बाजूला जावे? ३८ क्रमांकाची ट्राम ग्रिन्झिंगला जाते. ते गाव सुंदर आहे, परंतु पर्यटकांच्या बसगाड्या तिथेच थांबत असल्याने तुम्हाला हवा तो निवांतपणा तिथे मिळेलच असे नाही. शॉटनरिंगहून सुटणारी ३१ क्रमांकाची ट्राम डॅन्यूब ओलांडून श्टामर्सडोर्फला जाते आणि तिथून बिझामबेर्ग टेकडीच्या उतारावरील बागा सुरू होतात. माझी पसंती याच बाजूला आहे. चालण्याची आवड असेल, तर ‘डी’ ट्रामने नुसडोर्फला उतरावे. तिथून कालेनबेर्ग टेकडीवर जाऊन परत येणारी सुमारे ११ किलोमीटरची पायवाट बागांमधून जाते. सप्टेंबरात मणी भरलेले असतात आणि काही बागांत तोडणीही सुरू झालेली असते. तुमच्याकडे जानेवारी ते एप्रिल या काळात जे चालते, ते तिथे तेव्हा पाहायला मिळेल.

काय मागावे, याचे उत्तर सोपे आहे : ‘गेमिश्टर झात्स’. एकाच बागेत निरनिराळ्या जातींच्या वेली लावायच्या, सगळ्यांची तोडणी एकदम करायची आणि रस एकत्रच आंबवायचा, अशी ही व्हिएन्नाची पांढरी वाइन आहे. फुलोरा आणि पक्वता वेगवेगळ्या वेळी येत असल्याने गारठा किंवा पाऊस यांनी एखादी जात मारली, तरी बाकीच्या हाती लागत, या शेतकरी शहाणपणातून ती जन्मली. सन २०१३ पासून तिला संरक्षित दर्जा आहे. त्यानुसार किमान तीन जाती असाव्या लागतात आणि कोणतीही एक निम्म्याहून अधिक चालत नाही. ‘आख्टल’ म्हणजे १२५ मिलिलिटर, ‘फिर्टल’ म्हणजे पाव लिटर. हा पाव लिटर बहुधा दांड्याच्या जाड काचेच्या पेल्यातून येतो. माफक घ्यायची असेल तर वाइनमध्ये सोडा घातलेला ‘गेश्प्रिट्स्टर’ मागावा. स्थानिक लोकही उन्हाळ्यात तोच पितात, त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

तुमच्या यजमानांच्या खाण्याबाबत मात्र सावध राहावे लागेल. वाइन टेबलावर आणून दिली जाते, पदार्थ आपण आतल्या काउंटरवरून घ्यायचे असतात, त्यामुळे समोर पाहून विचारता येते. ‘लिप्टाउअर’ हे ताज्या चीजमध्ये लोणी, कांदा आणि लाल पापरिका घालून केलेले पावावर लावायचे सारण आहे आणि ते आपल्या जिभेला लगेच रुचते. पण काही घरी त्यात अँचोव्ही हा मासा घालतात, तेव्हा विचारूनच घ्यावे. बटाट्याचे सॅलड दिसायला निरुपद्रवी असते, परंतु व्हिएन्नाच्या पद्धतीत ते अनेकदा गोमांसाच्या रश्शात कालवलेले असते. ‘श्माल्त्स’ म्हणजे डुकराची चरबी, ती लावलेला पाव टाळावा. चीज, मुळा, भोपळ्याच्या बियांचे सारण आणि राईचा काळसर पाव एवढ्यात रात्रीचे जेवण छान होते. एके काळी लोक घरूनच शिदोरी आणत. आज तसे करायचे असेल तर आधी परवानगी घ्यावी.

बाकड्यावर जागा रिकामी असेल तर ‘इस्ट हिअर नोख फ्राय?’ एवढे विचारून अनोळखी माणसांशेजारी बसण्याचा तिथे प्रघात आहे. पेले भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहतात. नजर चुकवणे असभ्य मानले जाते. लहान जागांमध्ये रोख पैसे जवळ असलेले बरे.

आणि तुम्ही स्वतः बागायतदार आहात, हे मुलाकरवी तिथल्या मालकांना जरूर सांगा. त्यांच्या वेलीची छाटणी हिवाळ्यात एकदाच होते. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोड्या बहराची, अशी वर्षातून दोनदा कात्री चालते, हे ऐकून त्यांना नवल वाटेल आणि कदाचित ते तुम्हाला मागच्या तळघरापर्यंत घेऊन जातील. फोनमध्ये आपल्या बागेतील ओलांडे (वेलीचे आडवे हात) आणि घडांचे दोन-चार फोटो ठेवा. निघताना डहाळी किती तारखेपर्यंत टांगलेली राहणार आहे, हे विचारायला मात्र विसरू नका. दुसऱ्या खेपेचा बेत त्या तारखेवर अवलंबून राहील.