जॉर्ज टाउनमध्ये एकच संध्याकाळ असेल तर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

मलेशियातल्या पेनांगमध्ये, तिथल्या जॉर्ज टाउन शहरात, तुला जेमतेम एक संध्याकाळ मिळणार आणि खायच्या पदार्थांची यादी मात्र लांबलचक. यादी जवळ असू दे, पण ती संपवायच्या मागे लागू नकोस. तीन पदार्थ खा, आणि ते होताना बघ. गाडीपाशी ताटकळण्यात वेळ गेला असं मानू नकोस. मला तर त्या शहरातलं सगळ्यात मोलाचं तेच वाटतं.

दिवस मावळायच्या सुमारास चुलिया स्ट्रीट नाहीतर किंबर्ली स्ट्रीट गाठ. पहिल्याच गाडीवर बसू नकोस, आधी एक फेरी मार. घरी न्यायला बांधून घेणारी माणसं कुठे उभी आहेत ते हेर. आणि जिथे एकच पदार्थ मिळतो, तिथे थांब.

‘चार क्वे त्याव’ची, म्हणजे परतलेल्या नूडल्सची गाडी मिळाली तर कढई दिसेल अशी उभी राहा. कढई धुरावलेली असते. लसूण, कोळंबी, तांदळाच्या रुंद, चपट्या नूडल्स, सोया सॉस, तिखटाचा गोळा. मग नूडल्स एका बाजूला सारून मोकळ्या जागेत अंडं फोडतात. मुगाचे लांब मोड आणि हिरवी पात अगदी शेवटी, कारण ती दाताखाली कचकचली पाहिजेत. हे सगळं भराभर होतं, पण एका वेळी एक नाहीतर दोनच प्लेटींचं. जास्त माल पडला की कढई गार होते आणि नूडल्स परतल्या न जाता वाफेवर शिजून गिचका होतो. म्हणून रांग कितीही वाढली तरी चांगला गाडीवाला घाणा वाढवत नाही. नूडल्सच्या कडांना लागलेला तो किंचित करपट वास हाच या पदार्थाचा जीव आहे. तेव्हा त्याला घाई करू नकोस, फोटोसाठी थांबवू तर मुळीच नकोस.

दोन गोष्टी मात्र आधीच विचार. पारंपरिक पद्धतीत डुकराची चरबी वापरतात. आणि वरून घातलेले शिंपले अर्धेकच्चेच असतात. दुसऱ्या दिवशी लांबचा प्रवास असेल तर ‘शिंपले नकोत’ म्हणून सांग. त्यात कमीपणा नाही.

गाडीवर पदार्थ सांगायचा, टेबल दाखवायचं, प्लेट आली की पैसे द्यायचे. सुटे रिंगिट जवळ ठेव. कॉफीच्या दुकानात बसलीस तर काहीतरी पेय घ्यावंच लागतं: दुकान एकाचं, आत गाड्या लावणारे वेगळे, आणि पेयांची विक्री दुकानदाराची.

नंतर नासी कांदार. तमिळ मुसलमान विक्रेते भात आणि रस्से कावडीतून खांद्यावर वाहून बंदरावरच्या मजुरांना विकायचे, तिथून हा पदार्थ आला. दोन-तीन रस्से एकमेकांत मिसळूनच घे, वेगवेगळे मागू नकोस.

तुझ्याबरोबर येणाऱ्या मैत्रिणीची मला जास्त काळजी वाटते, कारण ती शाकाहारी आहे. वरून भाज्याच दिसल्या तरी रश्शात किंवा चटणीत सुकी कोळंबी असू शकते. तिच्यासाठी लिटिल इंडियातली शाकाहारी खानावळ आधीच बघून ठेवा. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, नऊ सम्राट देवांच्या उत्सवात गेलात तर प्रश्नच नाही. तेव्हा पिवळी निशाणं लावलेल्या गाड्यांवर शाकाहारी जेवण मिळतं.

तिथे एक नियम झाला आहे, तुझ्या कानावर येईल. २०१६ पासून पेनांगच्या खास पदार्थांच्या गाड्यांवर परदेशी माणसाने मुख्य आचारी म्हणून उभं राहायचं नाही. चव बिघडेल ही भीती मी समजू शकतो, पण नियम मला पटत नाही. हात शिकवल्याने तयार होतो, आणि शिकवणारे म्हातारे होत चालले आहेत. कुणी बोलतं भेटलं तर त्यांना काय वाटतं ते जरूर विचार.

आणि हो, चेंडोल, म्हणजे नारळाच्या दुधातलं बर्फ घातलेलं पक्वान्न, गोड असलं तरी सगळ्यात आधी खा. पेनांग रोडलगतच्या गल्लीतले ठेले रात्रीपर्यंत उघडे सापडतीलच असं नाही.

कळावे.