बेळगावात एचआयव्ही-एड्सवर आंतरराष्ट्रीय परिषद घ्यायची आहे, सुरुवात कुठून करू?

प्रश्न थोडक्यात असा: बेळगावातल्या एका कॉलेजला तीन दिवसांची आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक परिषद घ्यायची आहे. तीनशे प्रतिनिधी, त्यात पंधरा-वीस परदेशी. प्राचार्यांनी विचारणाऱ्याचं नाव समन्वयक म्हणून घातलंय आणि हातात सहा महिने आहेत.

सहा महिन्यांत होत नाही. हे प्राचार्यांना आजच सांगून टाका. निदान वर्ष धरा.

मी निपाणी-चिकोडी भागात बरीच वर्षं समुपदेशक होतो. अशा एका परिषदेत रजिस्ट्रेशनच्या टेबलापासून जेवणाच्या कुपनांपर्यंत सगळं निस्तरलंय. त्या अनुभवावरून लिहितोय.

वर्ष लागतं ते हॉलमुळे नाही, अ‍ॅबस्ट्रॅक्टमुळे (म्हणजे प्रतिनिधींनी आधी पाठवायचा संशोधनाचा गोषवारा). जिनिव्हाच्या इंटरनॅशनल एड्स सोसायटीची जी मोठी जागतिक परिषद भरते (पहिली १९८५ साली अटलांटात झाली, १९९४ नंतर दर दोन वर्षांनी होते), ती साधारण जुलैत असते आणि तिची अ‍ॅबस्ट्रॅक्ट मात्र वर्षाच्या सुरुवातीलाच बंद होतात. मग ती नावं झाकून परीक्षकांकडे जातात, गुण पडतात, तोंडी कोण बोलणार आणि पोस्टर कोण लावणार हे ठरतं. पत्र हातात पडल्यावर तो माणूस आपल्या संस्थेकडे रजा आणि तिकिटाचे पैसे मागतो. व्हिसा त्यानंतर. परदेशी वक्त्याला 'टुरिस्ट व्हिसावर या, कोण विचारतंय' असं चुकूनही सांगू नका. कॉन्फरन्स व्हिसा वेगळा असतो. त्याआधी तुमच्या परिषदेला गृह मंत्रालय आणि परराष्ट्र मंत्रालय यांच्या मंजुऱ्या लागतात, नुसत्या कॉलेजच्या लेटरहेडवर भागत नाही. परदेशी संस्थेची देणगी घेणार असाल तर एफसीआरए नोंदणी (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) आहे का, ते आधी अकाउंट सेक्शनला विचारा.

तारीख ठरवताना सगळ्यांना १ डिसेंबरचा मोह होतो, जागतिक एड्स दिन म्हणून. आपल्याकडे तो टाळा. त्या दिवशी जिल्ह्यातला प्रत्येक आरोग्य कर्मचारी फलक घेऊन रॅलीत असतो. डिसेंबरात सुवर्णसौधला (इथल्या विधानभवनात) कर्नाटकाचं हिवाळी अधिवेशन लागलं की बेळगावात लॉजची खोली मिळत नाही, आणि मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माची जत्रा असते, तेव्हा खरं काम करणारी माणसं डोंगरावर असतात. १ नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सव, दुसरीकडे मराठी लोकांचा काळा दिवस, ते तुम्हाला सांगायला नको. पावसाळ्यात गोव्याला उतरून चोर्ला घाटातून येणारा पाहुणा पोचतो, पण कधी पोचेल याचा भरवसा नाही. राहता राहिला जानेवारीचा उत्तरार्ध. माघी पौर्णिमेची जत्रा तेवढी पंचांगात बघून घ्या.

वैज्ञानिक समितीत सगळे तुमच्याच कॉलेजचे प्राध्यापक घालू नका. पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था (आता तिचं नाव बदललंय) १९९२ पासून याच कामात आहे, तिथले लोक घ्या. कर्नाटक आणि महाराष्ट्र, दोन्ही राज्यांच्या एड्स नियंत्रण सोसायट्यांना बोलवा. समितीला नकार द्यायचे पूर्ण अधिकार हवेत, कारण एड्स बरा करणारं चूर्ण सापडलंय म्हणणारा कुणीतरी फी भरून हमखास अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवणार, आणि त्याची ओळख नेमकी संस्थेच्या एखाद्या विश्वस्तापर्यंत असणार. २००० साली डर्बनच्या परिषदेआधी, एचआयव्हीमुळेच एड्स होतो एवढं सांगायला पाच हजारांवर शास्त्रज्ञांना जाहीरनाम्यावर सह्या कराव्या लागल्या होत्या. तेव्हा एका चूर्णाला हसून सोडू नका.

परिषद खऱ्या अर्थाने कुठे अडते, तर हॉलमध्ये कोण येऊ शकत नाही इथे. अमेरिकेने एचआयव्ही असलेल्यांना प्रवेशबंदी केली होती. १९९० च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेवर त्यामुळे अनेक संघटनांनी बहिष्कार टाकला, आणि १९९२ ची परिषद बॉस्टनला ठरलेली असताना उचलून अ‍ॅमस्टरडॅमला नेली. बंदी उठल्यावर २०१२ साली परिषद वॉशिंग्टनला परतली, तरी सेक्स वर्कर महिलांना व्हिसाचा अडथळा होताच. म्हणून त्याच आठवड्यात त्यांनी कोलकात्यात आपला वेगळा मेळावा भरवला. २०२२ ला माँट्रियलमध्ये आफ्रिकेतल्या कितीतरी प्रतिनिधींना व्हिसाच मिळाला नाही.

तुमच्या हॉलला व्हिसा लागणार नाही, पण गेट आहे. अथणीहून पहाटेची बस धरून येणाऱ्या बाईची दिवसाची हजेरी बुडते. तिला वॉचमन विचारतो, "कुणाकडं जायचंय?" आत गेल्यावर तीन तास इंग्रजी. फी माफ केली म्हणजे ती आली, असं होत नाही. बसभाडं, बुडालेली मजुरी, मुक्कामाची सोय आणि मराठी-कन्नड दोन्ही दुभाषी बजेटच्या पहिल्या पानावर घ्या. सत्काराच्या शाली मागच्या पानावर गेल्या तरी चालतील. (फलकावर कन्नड वर आणि मोठं लिहा. तो वाद घालायची ही जागा नाही.)

आता माझी चूक. दहा-बारा वर्षं झाली असतील. निधी देणाऱ्यांना वर्गवार आकडे हवे होते, म्हणून आम्ही गळ्यातल्या कार्डावर नाव, गाव आणि खाली ठळक अक्षरात 'पीएलएचआयव्ही प्रतिनिधी', म्हणजे एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती, असं छापलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या रांगेत बिडी वळणारी एक मावशी भाताची प्लेट धरून कुणाशी तरी हसत बोलत होती. फोटोग्राफरला तेच चित्र आवडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते पेपरात आलं. कार्ड वाचता येत होतं.

तिचा फोन आला. रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "सर, आमच्या गल्लीत पेपर येतोय की ओ."

फोटोग्राफरला बोल लावणं सोपं होतं, पण कार्ड मी छापलं होतं. पुढे कित्येक महिने ती माझ्याशी बोलली नाही, आणि तिच्या ओळखीने येणाऱ्या बाया तपासणीला यायच्या थांबल्या.

तेव्हा कायद्याचा आधार नव्हता. आता २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झालाय, आणि संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करायला त्यात मनाई आहे. पण कायदा नसता तरी मी आता असंच सांगितलं असतं: कार्डावर फक्त नाव, तेही ती सांगेल ते. वर्गवारी तुमच्या यादीत, यादी कुलपात. कार्डाच्या फिती दोन रंगांच्या करा, हिरवी म्हणजे फोटो चालेल, लाल म्हणजे नाही, आणि हे फोटोग्राफरला आदल्या दिवशीच समजावून सांगा. पेपरवाल्यांना उद्घाटनापुरतंच आत घ्या. चर्चेच्या हॉलमध्ये मोबाइल कॅमेरेही बंद.

विषयांचं म्हणाल तर मोठ्यांची नक्कल करू नका. २०२४ ला म्युनिकच्या जागतिक परिषदेत लेनाकॅपाव्हिर या एचआयव्हीची लागण टाळणाऱ्या औषधाच्या चाचणीचे निकाल मांडले गेले. वर्षातून दोनदा इंजेक्शन घेणाऱ्या २१३४ महिलांमध्ये एकीलाही लागण झाली नाही. असला निकाल पहिल्यांदा बेळगावात कुणी जाहीर करणार नाही. पण माझ्याकडे येणारे निपाणीचे कितीतरी जण ओळख निघू नये म्हणून एआरटीच्या (एचआयव्हीवरच्या रोजच्या उपचाराच्या) गोळ्या कोल्हापूर-मिरजेहून आणायचे. पत्ता कर्नाटकातला, कार्ड महाराष्ट्रातलं. एखादा गोळ्या न्यायला यायचा थांबला तर त्याला शोधायला कुणी जायचं, कुठल्या राज्याच्या लिंक वर्करने (गावोगाव फिरणाऱ्या एचआयव्ही कार्यकर्त्याने)? मुलगी मिरजेला बाळंत झाली आणि बाळ रायबागला आलं, तर बाळाची तपासणी कोण लक्षात ठेवतं? सीमा असलेल्या कुठल्याही देशातल्या शास्त्रज्ञाला हा प्रश्न पटकन समजेल. यावर पूर्ण अर्धा दिवस ठेवा, आणि पहिली बोलायला अशी बाई ठेवा जी महिन्याला गोळ्यांसाठी सीमेपलीकडची बस धरते. तिला वेळ मोजून देऊ नका. मंत्र्यांना द्या.

तारीख ठरली की इथेच खाली लिहा. रजिस्ट्रेशनच्या टेबलावर बसायला मी येईन. दोन रंगांच्या फिती मात्र आधी मागवून ठेवा, आयत्या वेळी गणपत गल्लीत एकाच रंगाच्या मिळतात.