स्वतःच्या कारने कंपनीच्या कामाला फिरलं तर विमा मिळतो का?

तुम्ही जळगावहून औषध कंपनीच्या कामाला चोपडा, यावल, रावेर फिरता आणि कंपनी किलोमीटरमागे पैसे देते, असं लिहिलंय. भाऊ, निश्चिंत राहा, खासगी कारच्या नेहमीच्या पॉलिसीत हे बसतं. तुमच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ असं कलम असेल, ते वाचाच. त्यात भाड्याने गाडी चालवणं आणि मालवाहतूक वगळलेली असते, पण नमुने व स्वतःचं सामान चालतं. म्हणजे सॅम्पलची बॅग ठीक. स्टॉकिस्टकडे विक्रीची खोकी पोचवायला लागलात, की अडचण. कंपनी देते तो तुमचा प्रवासखर्च, भाडं नव्हे.

खरा धोका वेगळाच आहे. आपल्याकडे चोपड्याला जाता-जाता दोन-तीन सीट पैसे घेऊन बसवायची सवय फार. पांढऱ्या नंबरप्लेटवर हे केलं आणि अपघात झाला, तर गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. जखमींना भरपाई देऊन विमा कंपनीने ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल केल्याचीही उदाहरणं आहेत. शेतजमीन विकावी लागेल इतकी ती असू शकते, म्हणून कळकळीने सांगतो, हे करूच नका.

आणखी एक: गाडी वडिलांच्या नावावर असेल तर मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण तुम्हाला लागू होत नाही, ते फक्त नोंदणीकृत मालकालाच. स्वतःसाठी वेगळी अपघात पॉलिसी घ्या. पगारी ड्रायव्हर असेल तर त्याचं वाढीव संरक्षण अगदी थोड्या पैशांत मिळतं.