आजोबांचा फोटो तिच्या टेबलासमोरून काढा

प्रश्न : माझी मुलगी देवगडला अकरावी विज्ञान शाखेत आहे. दहावीला ८६ टक्के गुण होते. माझे वडील हृदयविकाराच्या झटक्यानंतर कोल्हापूरला नेताना करूळ घाटातच गेले. मुलीने हार्ट सर्जनच व्हावे, असा माझा निर्धार आहे. तिच्या टेबलासमोर आजोबांचा फोटो लावला आहे. तिने कंटाळा केला की मी त्याकडे बोट दाखवतो. हल्ली ती फारशी बोलत नाही. ‘नीट’साठी कोणता क्लास लावावा?

उत्तर : आपले दुःख खरे आहे, म्हणूनच स्पष्ट लिहितो. मला क्लासपेक्षा त्या फोटोची काळजी वाटते. भौतिकशास्त्राचे एखादे प्रकरण समजले नाही, तर सोळा वर्षांच्या मुलीने ते पुन्हा वाचावे एवढेच पुरेसे असते. आपल्या घरात मात्र तो आजोबांविरुद्धचा अपराध ठरतो. तिचे न बोलणे आपण एका वाक्यात उरकले आणि लगेच क्लासकडे वळलात. तिला काय हवे आहे, याविषयी पत्रात अक्षरही नाही.

मार्ग सांगतो : नीट, इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचे एमबीबीएस, शस्त्रक्रियेतील तीन वर्षांचे एमएस, मग हृदयशस्त्रक्रियेतील तीन वर्षांचे एमसीएच. कुठेही वर्ष वाया न जाता तिशी येते.

परंतु झटका आलेल्या माणसाला हार्ट सर्जनच वाचवतो, हा आपला समज मुळातच चुकीचा आहे. झटक्यात हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते आणि स्नायू मरू लागतो. अशा वेळी लवकर काढलेला ईसीजी, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी (बंद वाहिनी फुग्याने आतून उघडणे) यांवर बहुतेकदा सारे अवलंबून असते. मनगटातून वा जांघेतून नळी घालून अँजिओप्लास्टी करणारा डॉक्टर कार्डिऑलॉजिस्ट असतो आणि त्याचा अभ्यासक्रमही वेगळा, म्हणजे एमडी मेडिसिननंतर हृदयरोगातील डीएम, असा असतो. सर्जन पायातील शीर किंवा छातीच्या आतील धमनी वापरून बायपास करतो, म्हणजे अडथळ्याला वळसा देऊन रक्ताला नवी वाट देतो, झडपा बदलतो, जन्मजात छिद्रे बुजवतो. दीड-दोन मिलिमीटरच्या वाहिनीला केसाहून बारीक धाग्याने टाके घालण्याचे ते काम आहे. त्यासाठी भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियेदरम्यान हृदय-फुफ्फुसांचे काम करणारे हार्ट-लंग मशीन चालवणारा परफ्युजनिस्ट आणि सुसज्ज अतिदक्षता विभाग लागतो. त्यामुळे आपली मुलगी सर्जन झालीच, तर ती मुंबईत, पुण्यात किंवा कोल्हापुरात असेल, आणि देवगडच्या रुग्णाला तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी तसाच लांबचा प्रवास करावा लागेल. आपल्या वडिलांना त्या वेळी सर्वांत आधी हवा होता तो ईसीजी वाचून जागेवरच उपचार सुरू करणारा गावातला डॉक्टर.

तिला स्वतःला वैद्यक आवडत असेल, तर परवानगी काढून तिला एक दिवस ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकाऱ्यांचे काम पाहू द्या. आवडत नसेल, तर हा विषय इथेच थांबवा. फोटो मात्र आजच बाहेरच्या खोलीत हलवा. पुढचे पत्र तिला लिहू द्या, आणि कृपया ते पाठवण्यापूर्वी वाचू नका.