बोट जरूर बांधा, पण ज्येष्ठ नागरिक बचत योजना मोडू नका

नमस्कार काका,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. १९९८ साली तुम्ही आणि तुमच्या दिवंगत भावाने दाभोळच्या घरामागच्या खळ्यात प्लायवूडची २२ फुटी मोटरबोट बांधली. गेली चार वर्षं ती झापांनी शाकारून ठेवलेली आहे. आता ती नव्याने उभी करायची आणि काकूंसोबत वाशिष्ठीतून गोवळकोटपर्यंत, पुढे हवा बघून जयगडपर्यंत फिरायचं, असा बेत आहे. अंदाज ९ लाखांचा. ते ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतून काढावेत की काकूंचे दागिने तारण ठेवावेत, असं तुम्ही विचारलंय.

बोट करा, असंच मी सांगेन. पण साडेचार लाखांत, आणि या दोन्हींपैकी कशालाही हात न लावता.

योजनेत तुमचे ३० लाख एकाच खात्यात आहेत आणि खातं दीड वर्षाचं आहे. या खात्यातून हवे तेवढेच पैसे काढता येत नाहीत, अख्खं खातं बंद करावं लागतं. दोन वर्षांच्या आत बंद केलं तर मुद्दलातून दीड टक्का, म्हणजे ४५,००० रुपये कापले जातील. आज ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५०० रुपये हातात येतात. ९ लाख कमी झाले की महिन्याचे ६,१५० रुपये कायमचे गेले. दागिन्यांवरचं कर्ज तर नकोच. त्याचा हप्ता शेवटी याच व्याजातून भरावा लागेल.

तुमची जमा अशी आहे: योजनेचे महिना २०,५००, पेन्शन ४,२००, आणि १२ लाखांच्या मुदत ठेवींचं सात टक्क्यांनी ७,०००. घरखर्च, मेडिक्लेमच्या हप्त्यासकट, २५,०००. ठेवींतले साडेचार लाख काढले तरी जमा २९,०७५ राहते. महिना चार हजार, वर्षाला ४८,९०० रुपये उरतात. बोटीचा दरवर्षीचा खर्च यातच बसला पाहिजे. उरलेले साडेसात लाख आजारपणासाठी आणि वाढत्या महागाईसाठी आहेत, बोटीसाठी त्यातला रुपयाही काढू नका.

आता ते ९ लाख बघू. त्यातले ५.८ लाख ६० अश्वशक्तीच्या नव्या इंजिनाचे आहेत. पूर्ण वेगात ते तासाला वीस लिटरहून जास्त पेट्रोल पितं. खाडीत तुम्हाला एवढी घाई कशाची? भरतीबरोबर वर जायचं, ओहोटीबरोबर खाली यायचं, हे तुम्हाला मी सांगायला नको. २५ अश्वशक्तीचं, नीट तपासून घेतलेलं वापरलेलं इंजिन निम्म्या वेगात तासाला पाचेक लिटरमध्ये भागवतं. हंगामात ४० तास फिरलात तर २०० लिटर. लिटरला १०५ रुपये धरले तर २१,००० होतात. सर्व्हिसिंग, तळाचा रंग, विमा आणि पावसाआधी बोट वर ओढून शाकारणं यांना २५,००० धरा. एकूण ४६,०००. म्हणजे बसतं, पण काठोकाठ. म्हणून पहिल्या हंगामात ४० तासांच्या वर जाऊ नका आणि जयगडचा बेतही पुढच्या वर्षावर टाका. एकाच इंजिनावर, नव्याने जोडलेल्या बोटीत उघड्या समुद्रात जाण्याआधी एक हंगाम खाडीत काढलेला बरा.

इंजिन सगळ्यात शेवटी घ्या. माझ्या मामांनी बाणकोटला होडी दुरुस्त करायला काढली तेव्हा आधी इंजिन आणलं. तळ उघडल्यावर कुजकं लाकूड निघत गेलं, काम दोन वर्षं लांबलं. इंजिन पडवीत खोक्यातच राहिलं आणि पाण्याला लागण्याआधी त्याची वॉरंटी संपली.

तेव्हा पहिलं काम फुकटातलं आहे. हातोडीच्या दांड्याने तळ वीत-वीत ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला की खडूने खूण करा. खुणेच्या जागी जुना स्क्रू-ड्रायव्हर दाबा. तो सहज आत गेला तर ते प्लाय बदलायचंच. पठाणाची (बोटीच्या तळाच्या मधल्या कण्याची) कड आणि इंजिन अडकवायची मागची फळी यांकडे खास बघा, पाणी तिथेच मुरतं. ती फळी गेली असेल तर सुताराचा २.४ लाखांचा आकडा वाढणार, म्हणून मी त्याच्यावर ६०,००० जास्तीचे राखून ठेवलेत. इंजिनाला १.३ लाख, नोंदणी आणि लाइफ जॅकेटांना २०,०००. केबिनच्या गाद्या, सोलर आणि म्युझिकचे ८०,००० तूर्त बाजूला ठेवा. प्लाय आयएस ७१० शिक्क्याचंच, म्हणजे पाण्यात टिकणारं मरीन प्लाय घ्या. इपॉक्सीचं (लाकूड जोडायच्या आणि त्यावर लेप द्यायच्या राळेचं) काम दिवाळीनंतर, लाकूड खडखडीत वाळल्यावरच, कारण ओल्या लाकडावर ते धरत नाही.

पर्यटक नेऊन पैसे वसूल होतील, हे तुमचं गणित मी सोडून दिलंय. प्रवासी न्यायचे तर मेरीटाइम बोर्डाची तपासणी, परवानाधारक चालक, प्रवाशांचा विमा, हे सगळं आलं. शिवाय पावसाळ्यात सगळं बंद. आणि ज्या बोटीवर तुमच्या भावाचा हात फिरलाय, तिच्यात शनिवार-रविवारी अनोळखी माणसं चढवायला तुम्हाला तरी आवडेल का? काकूंना विचारा.

खडूच्या खुणांसकट मागच्या फळीचा फोटो पाठवा. तोवर ठेव मोडू नका. मुदत जानेवारीत संपतेय, सुताराला पहिला हप्ता तेव्हाच द्या.