समुद्री माशांच्या नि प्रवाळांच्या टाकीतला खारटपणा नीट मोजायचा तर
रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्याच्या थेंबातून प्रकाश किती वाकतो त्यावरून खारटपणा दाखवणारा मापक, घेतलास, छान केलंस. पण तो नुसत्या आरओच्या (फिल्टरने क्षार काढलेल्या) पाण्यावर शून्याला लावून सोडू नकोस. ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ) कॅलिब्रेशन द्रावण, म्हणजे माप जुळवायचं पाणी, आण आणि त्यावर लाव, कारण अचूकपणा आपल्याला तिथेच हवा असतो. दोन-तीन थेंब टाक, झाकण मिट, खाली बुडबुडा अडकलाय का बघ, अर्धा मिनिट थांब आणि मगच उजेडाकडे धरून वाच. प्रवाळांच्या टाकीला ३५, म्हणजे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (शुद्ध पाण्याच्या तुलनेतली घनता) साधारण १.०२६. नंतर काच आरओच्या पाण्याने पुसायचीच. वाळलेलं मीठ पुढचं माप बिघडवतं. पाण्याची वाफ होते, मीठ टाकीतच राहतं, म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची. आणि पावसाळ्यात पणजीच्या मिरामार किनाऱ्याचं पाणी अजिबात आणू नकोस, मांडवी नदीच्या पुराने तिथला खारटपणा पार उतरतो.